पेटीऐवजी लॅपटॉप? स्वस्तातले वाद्य-सॉफ्टवेअर घेण्याआधी

मंडळाच्या मागच्या बैठकीत एक विषय निघाला आणि दोनदा चहा झाला तरी तो संपला नाही. आपल्या खोलीतली जुनी पायपेटी आता थकली आहे. भाता हवा सोडतो, मधल्या सप्तकातले दोन सूर पावसाळ्यात बोलत नाहीत आणि तिला हात लावू शकेल असा कारागीर बेळगावात आता शोधत फिरावे लागते. दुरुस्तीचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले. तेवढ्यात एका तरुण सभासदाने मोबाइल पुढे केला.

‘‘काका, हे बघा. ऑर्गन, पेटी, सारंगी, व्हायोलिन, तबला, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. पाचशे वाद्यं आहेत. परवापर्यंत सेल आहे. दुरुस्तीच्या पाव किमतीत मिळतंय.’’

खजिनदारांनी चष्मा वर केला, तबलजींनी मान हलवली आणि पेटीवाल्या काकांनी काहीच म्हटले नाही. पैसे वर्गणीचे, म्हणून घाई नको असे ठरले. संगणकाशी माझा रोजचा संबंध आणि पेटीही थोडीफार वाजवतो, म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले. त्या चौकशीतून जे समजले ते इथे मांडतो आहे. हाच प्रश्न भजनी मंडळांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि घरी मुलांना कीबोर्ड घेऊन दिलेल्या पालकांनाही पडतो.

हे सॉफ्टवेअर करते काय?

सिंथेसायझर म्हटले की विजेच्या लहरींपासून नवा आवाज घडवणारे यंत्र डोळ्यांसमोर येते. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते वेगळे आहे. इथे खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. अशा एका मुद्रित तुकड्याला सॅम्पल म्हणतात. कीबोर्डवर पट्टी दाबली की कीबोर्ड लॅपटॉपला निरोप देतो, ‘अमुक स्वर, इतक्या जोराने’, आणि सॉफ्टवेअर तो तुकडा वाजवते. हा निरोप ज्या भाषेत जातो ती मिडी. १९८३ पासून ती प्रचारात आहे आणि आजही बहुतेक सगळे कीबोर्ड तीच बोलतात.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६३ साली मेलोट्रॉन नावाचे वाद्य तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असे आणि तिच्यावर व्हायोलिन किंवा बासरीचा एक सूर मुद्रित केलेला असे. फीत साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंद झाले की सूर संपला, बोट उचलून पुन्हा दाबायचे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये टेप नाही, पण अडचण तीच आहे. मुद्रण कुठेतरी संपतेच. ते संपल्यावर काय करायचे, याचे उत्तर ज्याने नीट शोधले त्याचे सॉफ्टवेअर चांगले.

पाचशे वाद्ये म्हणजे किती?

जाहिरातीत दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात: वाद्यांची संख्या आणि जीबी. ते एकत्र ठेवून साधा भागाकार केला तर बरेच कळते.

चांगल्या दर्जाचे म्हणजे २४ बिटचे स्टिरिओ मुद्रण एका मिनिटाला सुमारे १६ एमबी जागा घेते. समजा एखाद्या पॅकेजमध्ये ५०० वाद्ये आहेत आणि सगळे मिळून २ जीबी आहे. म्हणजे एका वाद्याच्या वाट्याला आल्या ४ एमबी, अर्थात सुमारे १५ सेकंदांचे मुद्रण. आवाज दाबून साठवला असेल तर फार तर दुप्पट धरा. या १५ ते ३० सेकंदांत त्या वाद्याचे सगळे सूर, मंद्रापासून तारापर्यंत, हळू आणि जोरात, बसवलेले आहेत. ते कसे बसले असतील याची कल्पना आपणच करावी.

उलट बाजूने पाहू. आपल्या हातपेटीला साधारण ४२ पट्ट्या असतात. प्रत्येक सूर दहा सेकंद मुद्रित केला तर सात मिनिटे होतात. सुरांच्या तीन जोडण्या आणि भात्याचे दोन दाब धरले तर ४२ मिनिटे, म्हणजे पाऊण जीबीच्या आत एक पेटी मनापासून मुद्रित होते. पियानोचे गणित निराळे. ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे सोळा दाब आणि प्रत्येक सूर पंधरा सेकंद धरला तर जवळजवळ सहा तास आणि साडेपाच जीबी. म्हणून जीबी जास्त म्हणजे सॉफ्टवेअर चांगले, असा सरसकट नियम करता येत नाही. पेटीला पाऊण जीबी भरपूर आहे, पियानोला ते अपुरे पडेल. ज्या एका वाद्यासाठी आपण पैसे देणार त्याच्या वाट्याला किती मुद्रण आले, हे विचारावे.

कानाने घ्यायच्या चार परीक्षा

कंपनीचा नमुना व्हिडिओ ऐकून काही ठरवू नये. तो वाजवणारा मुरलेला असतो, आवाज सजवलेला असतो आणि कच्चे सूर टाळलेले असतात. बऱ्याच कंपन्या काही दिवस मोफत वापरून पाहू देतात. तेवढ्या काळात, कीबोर्ड जोडून आणि शक्यतो हेडफोन लावून, पुढच्या परीक्षा घ्याव्यात. खोलवर कळण्यासाठी संगीत शिकलेले असायलाच हवे असे नाही.

पहिली: एक सूर वीस सेकंद धरून ठेवा. मुद्रण संपले की सॉफ्टवेअर त्यातला मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवते. हे नीट केलेले नसेल तर सुरात ठराविक अंतराने हेलकावा किंवा ‘टक्’ असा सांधा ऐकू येतो. नाट्यपदात ऑर्गनचा सूर मागे लांब धरलेला असतो, तेव्हा असा सांधा गाणाऱ्याचा घात करतो.

दुसरी: खालून वर एकेक पट्टी सावकाश वाजवत जा, काळी-पांढरी काही न सोडता. जागा वाचवण्यासाठी एकच मुद्रित सूर चार-पाच पट्ट्यांवर ताणलेला असतो. वर ताणला की आवाज बारीक आणि चिरका होतो, खाली ओढला की घोगरा. आणि जिथे एका मुद्रणाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे वाद्य बदलल्यासारखे वाटते. पदाचा मुखडा नेमका त्या हद्दीवर आला तर रोज ते खटकणार.

तिसरी: एकच सूर किंवा एकच बोल आठ वेळा पटापट वाजवा. हाताने वाजवलेले आठ ‘ना’ कधीच हुबेहूब सारखे नसतात. सॉफ्टवेअरकडे एकच मुद्रण असेल तर आठही सारखेच येतात आणि शिवणयंत्र चालल्यासारखे ऐकू येते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बोलाची चार-पाच मुद्रणे आळीपाळीने येतात. तबला, ढोलकी, टाळ यांच्यासाठी ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची.

चौथी खास पेटीची. पेटीची पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, आवाज भात्यातल्या हवेवर ठरतो. पण कित्येक सॉफ्टवेअरमधली पेटी पियानोसारखी वागते: बोट जोरात पडले की सूर ओरडतो, हळू पडले की दबतो. पेटी वाजवणाऱ्याच्या हाताला हे लगेच चुकते. बोटाच्या जोराचा परिणाम बंद करता येतो का आणि आवाजाचा चढ-उतार पायाच्या पेडलवर किंवा कीबोर्डच्या चाकावर देता येतो का, हे पाहावे. पेडलवर देता आला तर पायपेटीच्या भात्याची थोडी तरी आठवण राहते.

या चारही परीक्षा मी पेटीवाल्या काकांना शेजारी बसवून घेतल्या. पाचशे वाद्यांच्या त्या पॅकेजमधला ऑर्गन पहिल्या परीक्षेतच अकराव्या सेकंदाला अडखळला. काका एवढेच म्हणाले, ‘‘याला दमा आहे. आपल्या पेटीलाही आहे, पण तिचं औषध तरी माहीत आहे.’’

सुरांचे जुने भांडण

आवाज चांगला आहे, सांधे नाहीत, तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्या संगीतात फार जुना आहे. पेटीचे बारा सूर ठरलेले असतात. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा आक्षेपांमुळे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. ते पुन्हा उघडायला १९७१ साल उजाडावे लागले. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अर्नेस्ट क्लेमंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला होता. म्हणजे ‘यंत्राचा सूर आणि गळ्याचा सूर’ हे भांडण शंभर वर्षांचे तरी आहे. सॉफ्टवेअरने ते पुन्हा दारात आणले.

आकड्यांत सांगायचे तर सप्तकाचे १२०० भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. कीबोर्ड प्रत्येक सूर बरोबर १०० सेंटच्या अंतरावर ठेवतो. त्याचा शुद्ध गंधार ४०० वर येतो, पण तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर असतो. शुद्ध धैवत ९०० विरुद्ध ८८४. कोमल गंधार ३०० विरुद्ध ३१६. पंचमात फरक दोनच सेंटचा, म्हणून तो कुणाला खटकत नाही. गंधारातला चौदा सेंटचा फरक मात्र तंबोरा चालू असताना सूर लांबवला की सामान्य श्रोत्यालाही ‘काहीतरी दुखतंय’ असा जाणवतो.

इथे सॉफ्टवेअर पेटीच्या पुढे जाऊ शकते. काही प्रोग्राममध्ये प्रत्येक सूर वेगळा लावता येतो किंवा ‘स्काला’ नावाच्या फाइलमधून सुरांची पूर्ण मांडणी बदलता येते. मात्र ही मांडणी षड्जाला बांधलेली असते. गायिकेने काळी चारमध्ये गायचे म्हटले तर षड्जही तिथे न्यावा लागतो, नाहीतर सगळेच बिघडते. आपल्या कार्यक्रमात तीन गायक तीन पट्ट्यांत गातात. तेव्हा पट्टी बदलणे दोन टिचक्यांत होते का, की त्यासाठी पाच मिनिटे मेन्यू उघडत बसावे लागते, हे घेण्याआधी करूनच पाहावे. स्वस्तातल्या बऱ्याच पॅकेजमध्ये ही सोयच नसते. नुसत्या सिनेगीतांसाठी हवे असेल तर तिच्यावाचून अडणार नाही. नाट्यसंगीत आणि अभंग यांच्यासाठी अडते.

शिवाय, मींड आणि गमक कीबोर्डच्या चाकाने काढता येते हे खरे, पण चाकाला एक हात अडकतो. सारंगी आणि बासरीचे सॉफ्टवेअर कितीही गोड वाजले तरी ते त्या हाताइतकेच गाते.

लॅपटॉप साथ देईल का?

पट्टी दाबली आणि सूर किंचित उशिरा आला तर लय राहत नाही. हा उशीर लॅपटॉप आवाज किती मोठ्या घासांत हाताळतो त्यावर ठरतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ नमुन्यांच्या घासाला ११.६ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून तेवढ्या वेळात सुमारे चार मीटर जातो. म्हणजे पेटी तुमच्यापासून चार मीटर दूर ठेवून वाजवल्यासारखे. १२८ चा घास घेतला तर अंतर एका मीटरवर येते, पण लॅपटॉप कमजोर असेल तर आवाज फुटू लागतो. घास २०४८ वर गेला की पेटी सोळा मीटर दूर, म्हणजे जवळजवळ सभागृहाच्या शेवटच्या रांगेत.

विंडोजच्या लॅपटॉपवर नुसता हेडफोनचा सॉकेट वापरला तर उशीर हमखास जास्त येतो. एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर लागतो. ‘एएसआयओ फॉर ऑल’ हा त्यातला मोफत मिळतो. स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस घेतला तर काम आणखी चांगले होते, पण तो खर्च वेगळा. मॅकवर ही सोय मुळातच बरी आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर मोठी सॅम्पल उघडायलाच मिनिटे लागतात. दोन पदांच्या मध्ये निवेदक किती वेळ बोलत राहणार?

किमतीत न दिसणारी किंमत

आता खजिनदारांचा भाग. सेलमधली किंमत ही पहिली किंमत असते. तिच्यामागे चार गोष्टी उभ्या असतात.

एक, काही स्वस्त पॅकेज स्वतंत्रपणे चालतच नाहीत. त्यांना ‘कॉन्टॅक्ट’सारखा दुसरा प्रोग्राम लागतो. कॉन्टॅक्टचा मोफत प्लेअर आहे, पण अनेक छोट्या निर्मात्यांच्या लायब्रऱ्यांना पूर्ण, विकतचे कॉन्टॅक्टच हवे असते. मोफत प्लेअरमध्ये त्या काही मिनिटे वाजतात आणि बंद पडतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते.

दोन, कीबोर्ड, इंटरफेस, पेडल, डिस्कवरची जागा. आधीच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पाव किमतीचे सॉफ्टवेअर पूर्ण किमतीला पडते.

तीन, परवाना. तो कुणाच्या नावावर, किती संगणकांवर, दुसऱ्याला देता येतो का? इथे आमच्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच एक पॅकेज आम्ही सेलमध्ये घेतले आणि ते एका उत्साही सभासदाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवले. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री लॅपटॉप बदलला आणि सॉफ्टवेअरने पुन्हा नोंदणी मागितली. त्याचा फोन लागेना. शेवटी तीच थकलेली पायपेटी रंगमंचावर चढवली आणि दोन मुके सूर टाळत काकांनी कार्यक्रम निभावला. दोष आमचाच होता. तेव्हापासून मंडळाचा एक स्वतंत्र ईमेल आहे आणि त्याचा पासवर्ड हिशेबाच्या वहीसोबत कपाटात असतो.

चार, आयुष्य. पायपेटी पन्नास-साठ वर्षे सहज टिकते. सॉफ्टवेअर संगणकाच्या प्रणालीबरोबर म्हातारे होते. निर्माता नव्या आवृत्त्या काढतो का, आधीच्या ग्राहकांना त्या फुकट देतो का, हे बघून घ्यावे.

आधी फुकटचे वापरा

विकत घेण्याआधी महिनाभर मोफत मार्गाने चालून पाहावे. ‘डीसेंट सॅम्पलर’ आणि ‘सफॉर्झांडो’ हे दोन प्रोग्राम फुकट आहेत. ‘पियानोबुक’ या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांनी आपापल्या घरातली वाद्ये मुद्रित करून ठेवली आहेत, त्यांत पेट्याही आहेत. ‘सॅलमँडर’ नावाचा मोफत पियानो सोळा दाबांचा आहे. ही साधने वापरताना आपल्याला नेमके काय कमी पडते ते लक्षात येते, आणि मग त्या एका गोष्टीसाठीच पैसे द्यावेत. भारतीय वाद्यांसाठी ‘स्वरप्लग’सारखी खास सॉफ्टवेअरही आहेत. त्यांचीही परीक्षा वरच्याच रीतीने घ्यावी.

आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो सर्वांत आवडला. डीसेंट सॅम्पलरमध्ये आपली स्वतःची मुद्रणे घालता येतात. शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि दोन दुपारी एवढे असले की आपल्या वाद्याचे सूर जपून ठेवता येतात.

मग घ्यावे का?

मुलांच्या नाटकाचे पार्श्वसंगीत, स्नेहसंमेलनातली समूहगीते, घरचा रियाज, परगावी पेटी नेता येत नसेल तेव्हाची सोय, यासाठी चांगले स्वस्त सॉफ्टवेअर पैसे वसूल करते. त्यात पाचशे वाद्ये असण्याची गरज नाही, आपल्या कामाची पाच नीट असली तरी पुरे. गायकाच्या शेजारी बसून, त्याचा श्वास बघून साथ करायची असेल, तर स्वस्तातल्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नये. पंडित रामभाऊ विजापुरे यांची पेटी ज्यांनी या गावात समोर बसून ऐकली, त्यांना याचे कारण सांगायला नको.

मंडळाने ठरवले ते असे. सेल गेला, जाऊ दे, पुन्हा येतोच. वर्गणीतून पायपेटीच्या भात्याच्या दुरुस्तीचा पहिला हप्ता द्यायचा. मुलांच्या नाटकासाठी यंदा मोफत साधने वापरायची. आणि पेटी दुरुस्त होऊन आली की तिचे सगळे सूर, स्टॉप बदलून बदलून, मुद्रित करून ठेवायचे. सेलची बातमी आणणाऱ्या त्या तरुण सभासदाने हे काम स्वतःकडे घेतले आहे. पट्ट्या काका दाबणार आहेत. त्या दोन दुपारी खोलीत पंखा बंद राहील आणि कुणी बोलणार नाही, एवढी तयारी असलेल्यांनी मदतीला जरूर यावे.